आंतरजालाची मराठी परिभाषा : पूर्वपीठिका आणि परामर्श

१

रत्नागिरी शहराच्या उत्तरेस समुद्रकाठी वसलेले गणपतीपुळे हे गाव स्वयंभू गणपतीचे क्षेत्र म्हणून महाराष्ट्रात सर्वांस परिचित आहे. केशवसुतांचे जन्मगाव मालगुंड त्याच्या शेजारीच आहे. देवदर्शनासाठी येणारे यात्रेकरू आणि आंब्याची बागायत हे ह्या टापूच्या निर्वाहाचे दोन मोठे आधार होत. ह्या दोन्ही व्यवहारांत गेल्या पंचवीस-तीस वर्षांत एक नवे साधन शिरले. निवासासाठी पूर्वी जी पत्रापत्री होत असे, तिची जागा पुष्कळ अंशी आंतरजालावरील आरक्षणाने घेतली. आणि जमिनीचा जो सातबारा तलाठ्याकडे जाऊन मागावा लागे, तो १ मे २०१८ पासून अंकीय स्वाक्षरीसह आंतरजालावरून मिळू लागला.

असा सातबारा मिळविण्यासाठी यंत्रासमोर बसलेल्या बागायतदारास तीन जातींच्या शब्दांशी गाठ घालावी लागते. 'अर्ज', 'दाखला', 'नक्कल', 'तारीख', 'हरकत', 'तहसील' हे त्याच्या रोजच्या बोलण्यातले शब्द आहेत. 'लॉगिन', 'पासवर्ड', 'अपलोड', 'लिंक', 'सर्व्हर' हे त्याच्या कानांवर अलीकडे पडू लागलेले शब्द आहेत. आणि 'संकेतस्थळ', 'वापरकर्ता', 'प्रणाली' हे शब्द मराठी आहेत एवढे त्याला दिसते. परंतु त्यांनी नेमके काय दर्शविले जाते हे त्याला कळेलच असे नाही. ह्यांपैकी पहिल्या गटातील सहाही शब्द मुळात अरबी असून फारसी राज्यव्यवहाराच्या द्वारे मराठीत आलेले आहेत. म्हणजे जे आज सर्वांत आपले वाटतात ते एके काळी परक्या दरबाराचे शब्द होते, आणि जे मराठीसाठी म्हणून मुद्दाम घडविले गेले त्यांनाच आज ओळख करून द्यावी लागते.

हा उलटा क्रम का घडतो? मराठीत नव्या व्यवहाराचे आणि नव्या संदेशसाधनांचे नामकरण कोणकोणत्या मार्गांनी झाले, त्यांपैकी कोणते शब्द रुजले, आणि त्या अनुभवाच्या प्रकाशात आंतरजालाची प्राथमिक परिभाषा कशी पारखावी, ह्याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. हा प्रश्न कोशकारांपुरता नाही. ज्याला शब्द कळत नाही त्याला आपल्याच जमिनीचा उतारा दुसऱ्याकरवी काढवून घ्यावा लागतो. आणि आपला परवलीचा शब्द दुसऱ्याच्या हाती द्यावा लागतो.

२

राज्याभिषेकानंतर (१६७४) शिवाजी महाराजांच्या प्रेरणेने सिद्ध झालेला 'राज्यव्यवहारकोश' हा परिभाषानिर्मितीचा मराठी राज्यातील पहिला मोठा उद्योग होय. रघुनाथपंत हणमंते यांच्या नावाशी निगडित असलेल्या ह्या पद्यमय कोशात राज्यकारभारातील फारसी-अरबी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिलेले आहेत. त्याच सुमारास प्रधानांची पदनामेही बदलली. मुजुमदार हा अमात्य झाला, सुरनीस सचिव झाला, वाकनीस मंत्री, डबीर सुमंत आणि सरनोबत सेनापती झाला.

ह्या प्रयत्नाचे फळ तपासले असता दोन गोष्टी ध्यानात येतात. पहिली अशी, की नित्य व्यवहारातील शब्द आज्ञेने हलत नाहीत. 'अर्ज' आणि 'तारीख' तर जागचे हलले नाहीतच, पण खुद्द 'पेशवा' हे फारसी पदनाम पुढील शतकात साऱ्या हिंदुस्थानात गाजले. दुसरी गोष्ट ह्याच्या उलट आहे. घडविलेला शब्द लगेच रुजला नाही म्हणजे तो मेला असे होत नाही. 'सचिव' आणि 'मंत्री' ही पदनामे विसाव्या शतकात नव्या शासनसंस्थेबरोबर पुन्हा पुढे आली आणि आज ती वापरताना कोणासही कृत्रिमतेचा भास होत नाही. शब्दाला आधार देणारी संस्था उभी राहिली, की झोपलेला शब्द जागा होतो.

एकोणिसाव्या शतकात नामकरणाचा दुसरा मार्ग दिसतो. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे अशी पहिली गाडी धावली आणि लोकांनी तिला 'आगगाडी' म्हटले. पुढे दोनच वर्षांत विद्युत्संदेशाची सेवा सर्वसामान्यांस खुली झाली; तिला लोकांनी 'तार' म्हटले. 'गाडी' हा शब्द घरातला होता, त्याला नव्या गाडीचे डोळ्यांत भरणारे लक्षण जोडले. 'तार' ह्या शब्दात तर काहीच जोडले नाही. ज्या धातूच्या तंतूवरून संदेश जाई त्याचेच नाव संदेशाला दिले. ही लक्षणा इतकी सहज होती, की 'तार आली' एवढे दोन शब्द ऐकताच घरातील माणसांच्या पोटात धस्स होई. जुलै २०१३ मध्ये भारतातील तारसेवा बंद झाली, पण शब्दाला अद्याप स्पष्टीकरण लागत नाही.

परंतु लोकांनी घडविलेला शब्दही चिरंजीव असतोच असे नव्हे. २६ जानेवारी १९९८ रोजी जो लोहमार्ग संपूर्ण खुला झाला तो 'कोकण रेल्वे' ह्या नावाने. इंजिनातील आग दिसेनाशी झाली, तसे 'आगगाडी' ह्या शब्दातील वर्णन सैल पडले. नुसता 'गाडी' हा शब्द मात्र टिकला. रत्नागिरी स्थानकावर उभा असलेला माणूस आजही 'गाडी आली' असेच म्हणतो.

तिसरा मार्ग ह्या जिल्ह्यातच आखला गेला. १९२४ ते १९३७ ह्या काळात विनायक दामोदर सावरकर हे रत्नागिरीत स्थानबद्धतेत होते. ह्या वास्तव्यात त्यांनी भाषाशुद्धीची चळवळ चालविली. 'दिनांक', 'महापौर', 'दूरध्वनी' इत्यादी शब्द त्यांच्या नावाशी जोडले जातात. त्याच काळात माधव जूलियन यांनी १९२५ साली फारसी-मराठी कोश सिद्ध केला आणि १९३८ साली 'भाषाशुद्धि-विवेक' लिहिला. फारसीचा कोश करणारा पंडितच शुद्धीचा विवेक सांगतो, ह्यावरून ही चळवळ निव्वळ द्वेषाची नव्हती हे कळून येते. तिच्यामागे आपली भाषा नव्या अर्थांना पुरी पडेल हा विश्वास होता.

ह्या शब्दांचे पुढे काय झाले? 'महापौर' पूर्णपणे रुजला, कारण नगरशासनाची संस्था त्याच्या पाठीशी उभी राहिली. 'दिनांक' लेखनात रुजला, बोलण्यात 'तारीख'च राहिली. 'दूरध्वनी' पत्रिकांवर आणि कार्यालयीन कागदांवर छापला जातो. बोलताना 'फोन' म्हणतात. ह्याला पराभव म्हणणे योग्य होणार नाही. एकाच वस्तूसाठी लेखनाचा एक आणि बोलण्याचा एक असे दोन शब्द बाळगण्याची मराठीची रीत जुनी आहे. अडचण उत्पन्न होते ती, ज्याला फक्त बोलण्यातला शब्द ठाऊक आहे त्याच्यासमोर फक्त लेखनातला शब्द ठेवला जातो तेव्हा.

महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतर हे कार्य संस्थांकडे गेले. १९६० साली भाषा संचालनालय स्थापन झाले, १९६२ साली पदनाम कोश निघाला आणि १९६४ च्या राजभाषा अधिनियमाने शासनव्यवहारातील मराठीस कायद्याचा आधार मिळाला. केंद्र सरकारने १९६१ साली वैज्ञानिक आणि तांत्रिक शब्दावलीसाठी आयोग नेमला. संस्कृत धातूंवरून सर्व भारतीय भाषांना समान पडतील असे शब्द घडवावेत, हे ह्या काळाचे धोरण होते. 'संगणक' हा शब्द त्याच धाटणीचा आहे. तो रुजला, कारण तो लहान आहे, उच्चारास सोपा आहे, आणि 'गणन' ह्या परिचित शब्दाशी त्याचे नाते ऐकताक्षणीच लागते.

३

आता ज्या वस्तूचे नामकरण करावयाचे तिच्याकडे वळू. आंतरजाल आणि त्यावरील 'वेब' ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत आणि त्यांचा काळही भिन्न आहे. २९ ऑक्टोबर १९६९ रोजी अमेरिकेत दोन दूरस्थ संगणकांमध्ये 'अर्पानेट' ह्या जाळ्यावरून पहिला संदेश गेला. १९७१ साली रे टॉमलिन्सन यांनी एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावर पत्र पाठविण्याची सोय केली. १ जानेवारी १९८३ पासून त्या जाळ्यातील संगणकांनी परस्परांशी बोलण्याचे एक समान नियम स्वीकारले. अशा नियमसंचास 'प्रोटोकॉल' म्हणतात. दोन पक्षांनी आधी ठरवून घेतलेला संकेत, एवढाच त्याचा अर्थ. ह्या समान संकेतामुळे निरनिराळी जाळी एकमेकांस जोडता आली. जाळ्यांचे हे जाळे म्हणजे आंतरजाल.

वेब ही त्या जाळ्यावर चालणाऱ्या अनेक सेवांपैकी एक. १९८९ साली टिम बर्नर्स-ली यांनी जिनिव्हानजीकच्या 'सर्न' ह्या संशोधनसंस्थेत तिची योजना मांडली. १९९१ साली ती बाहेरच्यांस खुली झाली. आणि ३० एप्रिल १९९३ रोजी ती कोणासही विनामूल्य वापरता येईल असे संस्थेने जाहीर केले. लेखातील एखाद्या शब्दावरून थेट दुसऱ्या लेखाकडे जाता यावे, ही ह्या योजनेतील मूळ कल्पना. अशा लेखनासाठी 'हायपरटेक्स्ट' हे नाव टेड नेल्सन यांनी १९६५ सालीच योजले होते. भारतात आंतरजालाची सेवा सर्वसामान्यांस १५ ऑगस्ट १९९५ पासून विदेश संचार निगमाने उपलब्ध करून दिली.

नवशिक्यास ह्या साऱ्याची ओळख एका उदाहरणाने करून देता येते. मुंबईतील एखाद्या गृहस्थास गणपतीपुळ्यातील निवासाची माहिती हवी आहे असे समजू. तो आपल्या संगणकावर किंवा भ्रमणध्वनीवर एक पत्ता लिहितो. तो पत्ता ज्या साधनात लिहिला जातो आणि ज्यात पान उघडते, तो 'ब्राउझर'. पत्त्यातील नाव माणसासाठी असते. यंत्रांना आकडा लागतो. भारतीय टपालात १९७२ पासून गावाच्या नावाबरोबर सहा आकडी पिन लिहितात, त्याच प्रकारे येथे प्रत्येक नावामागे एक आकडी पत्ता असतो. फरक इतकाच, की तो आकडा पाठविणाऱ्यास लिहावा लागत नाही. १९८३ साली पॉल मोकापेट्रिस यांनी आखलेली नामव्यवस्था नावावरून आकडा शोधून देते. मग मागणी त्या आकड्याच्या यंत्राकडे जाते. मागितलेली वस्तू पुरविणाऱ्या ह्या यंत्राला 'सर्व्हर' म्हणतात. ते यंत्र पान लहान लहान तुकडे करून पाठविते. तुकडे वेगवेगळ्या वाटांनी येऊ शकतात. शेवटी ते पुन्हा जुळविले जातात आणि पान दिसते. एका ठिकाणच्या अशा पानांचा समूह म्हणजे 'वेबसाइट', आणि एका पानावरून दुसऱ्यावर नेणारा सांधा म्हणजे 'लिंक'.

वरील परिच्छेदात 'पत्ता', 'पान', 'मागणी', 'सांधा', 'वाट' हे शब्द सहज येऊन गेले. त्यांपैकी एकही कोणा मंडळास घडवावा लागला नाही.

४

प्रत्यक्ष प्रचारातील पर्यायांचा आता परामर्श घेऊ.

'आंतरजाल' हा शब्द 'आंतरराष्ट्रीय', 'आंतरजातीय' ह्यांच्या धर्तीवर घडला. आधुनिक मराठीत 'आंतर' हे पूर्वपद 'परस्परांमधील' ह्या अर्थी रूढ आहे. संस्कृतात मात्र 'आंतर' म्हणजे आतले. एखाद्या कार्यालयापुरते मर्यादित असे खाजगी जाळे दाखवावयाचे झाले, तर त्यालाही 'अंतर्जाल' असेच म्हणावे लागेल, आणि दोन विरुद्ध कल्पनांत फक्त एका काना-रफाराचा फरक राहील. 'महाजाल' हा दुसरा शब्द ह्या अडचणीतून सुटतो, पण तो आंतरजालालाही लावतात आणि वेबलाही. ही दोन कल्पनांची सरमिसळ इंग्रजी बोलणारेही सर्रास करतात. तरी अध्यापनात ती टाळणे इष्ट आहे. 'जाल' हे तत्सम रूप आहे आणि 'जाळे' हे त्याचेच मराठी वळण. किनाऱ्यावरच्या माणसाला जाळे म्हणजे काय हे सांगावे लागत नाही: गाठींनी जोडलेले, एक गाठ सुटली तरी न उसवणारे. आंतरजालाचा गुणधर्म नेमका हाच आहे.

'संकेतस्थळ' ह्या शब्दाचा इतिहास मनोरंजक आहे. संस्कृत काव्यशास्त्रात अभिसारिका प्रियकरास भेटण्यासाठी ज्या ठरलेल्या जागी जाते, ते संकेतस्थळ. जुन्या अर्थाची आठवण असलेल्या वाचकास आरंभी हा शब्द चमत्कारिक वाटला असल्यास नवल नाही. त्यातच 'स्थळ' हा शब्द मराठी घरात विवाहाच्या बोलण्यांत येतो. असे असूनही वृत्तपत्रे आणि शासन ह्या दोहोंनी तो उचलला, आणि तो लेखनात पक्का झाला. विचार करता तो अन्वर्थकही आहे, कारण आधी ठरलेल्या संकेतानुसार दोन पक्षांची जेथे गाठ पडते, अशीच ती जागा असते. बोलताना मात्र 'साइट' किंवा 'वेबसाइट' म्हटले जाते. 'दिनांक' आणि 'तारीख' ह्यांच्यातील श्रमविभाग येथे पुन्हा दिसतो.

'न्याहाळक' ह्या शब्दाची गोष्ट वेगळी आहे. 'ब्राउझ' ह्या इंग्रजी क्रियापदाचा मूळ अर्थ गुराने झाडाचा कोवळा पाला खुडत जाणे असा आहे. त्यावरून पुस्तके सहज वरवर पाहत जाणे हा अर्थ आला. 'न्याहाळणे' म्हणजे निरखून पाहणे. मूळ कल्पनेच्या जवळजवळ उलट. मराठीत ह्या अर्थी 'चाळणे' हे सुंदर क्रियापद आहे: आपण पुस्तक चाळतो, वर्तमानपत्र चाळतो. 'न्याहाळक' न रुजण्याचे कारण तो मराठी आहे हे नसून, त्या कृतीसाठी मराठी माणूस वापरतो ते क्रियापद त्यात नाही, हे असावे.

'ईमेल'साठी 'विपत्र' आणि 'विरोप' हे दोन शब्द पुढे आले. दोहोंत 'विद्युत्'चा आद्य वर्ण घेऊन त्याला 'पत्र' आणि 'निरोप' जोडले आहेत. आद्याक्षरे जोडून शब्द घडविण्याची ही रीत इंग्रजीत चालते. मराठीत आणि संस्कृतात 'वि' हा आधीच उपसर्ग आहे आणि त्याला स्वतःचा अर्थ आहे. संस्कृत जाणणारा 'विपत्र' वाचून ज्याची पाने गळली आहेत असा वृक्ष डोळ्यांपुढे आणील. व्युत्पत्तीचा असा आडवा अर्थ निघू लागला, की शब्द अडखळतो.

ह्याउलट 'दुवा' पाहा. 'आशीर्वाद' हा त्याचा अरबी अर्थ प्रसिद्धच आहे. त्याखेरीज दोन गोष्टींना जोडणारा सांधा ह्या अर्थीही 'दुवा' मराठीत होता, आणि 'दोन पिढ्यांमधील दुवा' हा प्रयोग सर्वांच्या तोंडी होता. त्याला फक्त एक नवे काम दिले गेले. मराठी विकिपीडियावर हा शब्द नित्य वापरला जातो आणि 'बाह्य दुवे' हे शीर्षक कोणास समजावून सांगावे लागत नाही. 'परवलीचा शब्द' ह्याचीही तीच कथा. पहाऱ्यावरचा शिपाई ओळख पटवून घेण्यासाठी जो शब्द विचारी तो परवलीचा. गंमत अशी, की 'परवल' हा शब्द 'पॅरोल' ह्या युरोपीय लष्करी शब्दाशी जोडला जातो. म्हणजे 'पासवर्ड'ला मराठी पर्याय म्हणून आपण जो देतो, त्याच्या पोटातही परकी बीज आहे. पण पिढ्यान्‌पिढ्यांच्या वापराने ते मराठी मातीचे झाले आहे.

'अपलोड' आणि 'डाउनलोड' ह्यांना 'चढविणे' आणि 'उतरवून घेणे' हे पर्याय आहेत. बंदरात गलबतावर माल चढविला जाई आणि उतरविला जाई. किनाऱ्यावरच्या बोलीत ही क्रियापदे पूर्वीपासूनची. 'फोटो चढवला' किंवा नुसते 'फोटो टाकला' हे आज बोलण्यात ऐकू येते, आणि ते कोणी शिकविलेले नाही.

जे शब्द इंग्रजीतूनच आले, त्यांचेही मराठीकरण थांबलेले नाही. ते कोशात न होता व्याकरणात होत आहे. 'लिंक' आणि 'साइट' स्त्रीलिंगी झाल्या, 'सर्व्हर' आणि 'पासवर्ड' पुल्लिंगी, 'नेट' नपुंसकलिंगी. 'ईमेल'चे लिंग अद्याप डळमळते: 'ईमेल आला', 'ईमेल आली', 'ईमेल आले' अशी तिन्ही रूपे ऐकू येतात. 'फाइल' हा जुना पाहुणा तर 'फायली', 'फायलीत' अशी शुद्ध मराठी रूपे धारण करून बसला आहे. 'रेंज' ह्या शब्दाला मराठीने स्वतःचा अर्थ दिला; डोंगराआड गेलेला कोकणी माणूस 'रेंज येत नाही' म्हणतो, तेव्हा त्याला रेडिओलहरींचा पोच अभिप्रेत असतो, अंतराचा पल्ला नव्हे. ज्या शब्दाला लिंग, वचन आणि विभक्ती मिळाली, तो शब्द भाषेच्या घरात आला असे समजण्यास हरकत नाही. 'अर्ज' आणि 'तारीख' ह्याच दाराने आले होते.

५

परिभाषेच्या पूर्वीच्या इतिहासात नसलेला एक प्रश्न आंतरजालाने उत्पन्न केला, तो लिपीचा. पूर्वी शब्द फक्त माणसाने वाचावयाचा असे. आता तो यंत्रासही ओळखावा लागतो.

भारतीय लिप्यांसाठीचे 'इस्की' हे संकेतन १९९१ साली भारतीय मानक म्हणून निश्चित झाले, आणि त्याच वर्षी जगातील सर्व लिप्यांना सामावून घेणाऱ्या 'युनिकोड'ची पहिली आवृत्ती निघाली, तीत देवनागरीस स्थान होते. तरी प्रत्यक्ष वापर सुरू होण्यास काही वर्षे लागली. तोवर अनेक मराठी संकेतस्थळे आपापले टंक वापरीत. पडद्यावर 'अ' दिसे, पण यंत्राच्या स्मृतीत त्या जागी एखादे रोमन अक्षर असे. तो टंक नसलेल्या संगणकावर सारा मजकूर निरर्थक चिन्हांचा होई आणि शोधयंत्रास तो मराठी आहे हेच कळत नसे. दिसण्यापुरती मराठी, यंत्राच्या लेखी अस्तित्वात नसलेली, अशी ती अवस्था होती. युनिकोड रुळल्यावर मराठी मजकूर खऱ्या अर्थाने आंतरजालावर आला. १ मे २००३ रोजी आरंभ झालेला मराठी विकिपीडिया हे त्याचे ठळक उदाहरण होय.

तरी सर्व अडचणी संपल्या नाहीत. गणपतीपुळे हेच नाव घ्यावे. 'पुळे' ह्याचा संबंध 'पुळण' म्हणजे वाळूचा किनारा ह्या शब्दाशी लावतात. पूर्वपद 'गणपति' हे तत्सम आहे. १९६२ च्या शुद्धलेखन-नियमांप्रमाणे असा शब्द स्वतंत्र असता दीर्घान्त, परंतु समासात पूर्वपदी ऱ्हस्वान्त लिहावा. म्हणून नियमाने 'गणपतिपुळे' आणि रूढीने 'गणपतीपुळे' अशी दोन रूपे शेजारी शेजारी नांदतात. वाचकास त्यात काहीच अडत नाही. यंत्राच्या दृष्टीने मात्र ही दोन भिन्न नावे होत. मोठी शोधयंत्रे अशा पर्यायांना आता सांभाळून घेतात. पण साध्या नोंदसूचीत किंवा संकेतस्थळाच्या पत्त्यात एका वेलांटीने वाट चुकते. २०१४ पासून '.भारत' ह्या प्रत्ययासह देवनागरीत पत्ता घेता येतो, आणि त्यामुळे हा प्रश्न निव्वळ शुद्धलेखनाचा राहिलेला नाही.

रोमन लिपीने ही अडचण सुटत नाही, वाढते. 'गणपति'मधील दुसरा अकार लिहावा की गाळावा ह्यावर दोन रूपे होतात. आणि 'ळ' तर त्या लिपीत 'ल'च्या चिन्हाने लिहिला जातो. परिणामी मराठी न जाणणारा हे नाव 'पुले' असे वाचतो आणि पुळणीशी असलेले त्याचे नाते तुटते. देवनागरीतही एक खास मराठी प्रश्न आहे. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधील खोलगट जागा. कोकणात दोन्ही विपुल. दुसऱ्या शब्दातील रफाराचे हे वेगळे रूप हिंदीस लागत नाही, मराठीस लागते. युनिकोडमध्ये ते दोन प्रकारे साधता येते: 'ऱ' ह्या स्वतंत्र वर्णाने, किंवा 'र'नंतर डोळ्यांस न दिसणारे जोडचिन्ह घालून. पडद्यावर दोन्ही सारखी दिसतात, यंत्रात ती निराळी असतात. आपल्या लेखनातील एखादी लकब यंत्रास नीट सांगितली नाही तर ती हळूहळू लोपते. ती सांगण्याचे काम ती भाषा जाणणाऱ्यांनीच करावयाचे असते.

६

ह्या विवेचनातून निष्पन्न होणाऱ्या गोष्टी थोडक्यात मांडता येतील.

शब्दाचे मूळ देशी आहे की परके, ह्यावर त्याचे रुजणे अवलंबून नाही. ज्या शब्दाने बोलणाऱ्यास पहिल्याच वेळी स्वतःचे वाक्य करता येते, तो रुजतो. 'तार', 'दुवा', 'पान', 'पत्ता' ह्यांना ही कसोटी सहज उतरता आली. 'विपत्र' आणि 'न्याहाळक' तीत अडखळले. घडविलेला शब्द संस्थेच्या आधाराने उभा राहतो, हे 'सचिव', 'महापौर' आणि 'संकेतस्थळ' दाखवितात. उसना शब्द व्याकरणाच्या दाराने आत येतो, हे 'अर्ज'ने पूर्वी दाखविले आणि 'फाइल', 'लिंक' आज दाखवीत आहेत. तेव्हा ह्या तिन्ही मार्गांत निवड करताना अभिनिवेश नको, प्रसंगाचा विचार हवा.

अध्यापनाच्या आणि शासकीय लेखनाच्या दृष्टीने ह्यातून काही पथ्ये सुचतात. एका लेखात एका कल्पनेस एकच शब्द वापरावा. 'दुवा', 'लिंक' आणि 'जोडणी' ही तीन नावे एकाच पडद्यावर आली, तर नवशिक्यास त्या तीन वस्तू वाटतात. जुना शब्द नव्या अर्थास पुरा पडत असेल, तर नवा घडवू नये. घडविलेला शब्द वापरावयाचाच झाला, तर पहिल्या उल्लेखात त्याच्याबरोबर लोकांच्या तोंडचा शब्द द्यावा आणि त्या वस्तूचे कार्य एका वाक्यात सांगावे. अर्थ व्युत्पत्तीने सांगण्यापेक्षा कार्याने सांगितलेला अधिक लवकर कळतो.

गणपतीपुळ्याच्या बागायतदारास 'अर्ज' हा शब्द अरबी आहे हे ठाऊक नाही, आणि ठाऊक असण्याचे कारणही नाही. तो शब्द उच्चारून त्याला आपले काम करून घेता येते, एवढे त्यास पुरे आहे. 'अर्ज' ह्या अवस्थेस पोहोचण्यास काही शतके लागली. आज सातबारा मिळविण्यासाठी जे शब्द त्याला ओळखावे लागतात, त्यांना तितका अवधी नाही. कारण त्याचा फेरफार, त्याचा पीकविमा आणि त्याचे अनुदान ही सर्व आजच त्या शब्दांच्या पलीकडे उभी आहेत. ते अंतर कमी करणे हे मराठीच्या अभ्यासकांचे काम आहे, आणि ते कोशाच्या पानापेक्षा त्या पडद्यावर अधिक करावे लागेल.